गणितासोबत संगणकही जपावा

कीटकसंग्रहालयातील प्रत्येक नमुन्याच्या टाचणीला एक चिठ्ठी असते. कीटक कोठे मिळाला, कोणत्या तारखेला मिळाला, कोणत्या पिकावर होता आणि कोणी गोळा केला, एवढेच त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. चिठ्ठी हरवली की कीटक कितीही सुस्थितीत असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे मोल फारसे उरत नाही. १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सुरू झालेला राष्ट्रीय कीटकसंग्रह आज नवी दिल्लीत आहे. १९३४ च्या भूकंपानंतर संस्था दिल्लीला हलली आणि संग्रहही तिच्यासोबत गेला. गाव बदलले, इमारत बदलली, अभ्यासकांच्या पिढ्या बदलल्या. तरीही पुसा येथे टोचलेला पतंग आजच्या संशोधकाला उपयोगी पडू शकतो, कारण त्याची चिठ्ठी त्याच्यासोबत आहे.

कीडविज्ञानात गेल्या काही दशकांत आणखी एका प्रकारचे नमुने जमू लागले आहेत. ते आहेत संगणकावर चालणारी प्रारूपे. तापमानावरून किडीची पिढी केव्हा पूर्ण होईल, सापळ्यातील पतंगांच्या संख्येवरून फवारणीची वेळ केव्हा येईल, पाऊस व आर्द्रता यांवरून प्रादुर्भाव कोठे वाढेल, याचा अंदाज ही प्रारूपे देतात. त्यांची सूत्रे शोधनिबंधांत छापली जातात, आज्ञावल्या कधी कधी जतनही होतात. मात्र ती आज्ञावली कोणत्या संगणकीय परिस्थितीत चालत होती, याची चिठ्ठी बहुधा कोणीच लावत नाही. संगणक बदलतो, ऑपरेटिंग सिस्टीम बदलते, शास्त्रज्ञ निवृत्त होतो आणि प्रारूप चिठ्ठी हरवलेल्या कीटकासारखे होऊन बसते.

यावर उपाय उपलब्ध आहे आणि तो फार खर्चिकही नाही. प्रारूपासोबत ते ज्यावर चालते तो संपूर्ण संगणकच ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे आभासी संगणकाच्या रूपाने एका फाइलमध्ये जपता येतो. सार्वजनिक निधीतून तयार होणाऱ्या आणि शेतकऱ्यांना द्यावयाच्या सल्ल्याचा आधार असणाऱ्या प्रत्येक प्रारूपासाठी हे बंधनकारक झाले पाहिजे, असे येथे मांडावयाचे आहे.

तीच नोंद, निराळे उत्तर

संगणक बदलल्याने गणिताचे उत्तर कसे बदलेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. दोन आणि दोन सर्वत्र चारच होतात, हे खरे. परंतु ‘दोन’ हा आकडा संगणकाने दोन म्हणूनच वाचला का, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

पहिले उदाहरण तारखेचे. क्षेत्रीय नोंदीत ०५/०८ असे लिहिले, तर आपल्याकडे त्याचा अर्थ पाच ऑगस्ट असा होतो. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी पद्धतीची ठेवलेली असेल, तर तीच फाइल उघडताना तक्ता-प्रणाली हा दिवस आठ मे समजते. ऑगस्टच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी अशा रीतीने जानेवारी ते डिसेंबर या बारा महिन्यांत विखुरतात. आठ ऑगस्ट तेवढा योगायोगाने जागेवर राहतो. तेरा तारखेपासून पुढे मात्र वर्षात तेरावा महिना नसल्याने संगणक त्या नोंदींना तारीख मानतच नाही, नुसता मजकूर मानतो. आता किडीच्या वाढीचे अंश-दिवस मोजावयाचे आहेत असे समजावे. कमाल तापमान ३४ अंश, किमान २२ अंश, म्हणजे सरासरी २८. उदाहरणापुरता वाढीचा खालचा उंबरठा १० अंश धरला, तर त्या दिवसाचे १८ अंश-दिवस होतात. पहिला पतंग सापळ्यात आला त्या दिवसापासून ही बेरीज सुरू होते. तो दिवसच पाच ऑगस्टऐवजी आठ मे ठरला, तर पुढची सगळी बेरीज अंकगणिताने अचूक असूनही निरर्थक ठरते.

दुसरे उदाहरण अधिक फसवे आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ किंवा अधिक पतंग आढळणे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते, हे विस्तार कार्यकर्त्यांना ठाऊकच आहे. समजा, एका सापळ्यात सलग तीन रात्री ८, १२ आणि ९ पतंग आले आणि चौथ्या रात्री नोंद घेणाऱ्याने त्याच रकान्यात ‘पाऊस’ असा शेरा लिहिला. कृषी संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या संख्याशास्त्रीय प्रणालीची २०२० पूर्वीची आवृत्ती असा रकाना वाचताना, वेगळी सूचना दिली नसल्यास, शब्दामुळे संपूर्ण रकान्याला आकड्यांऐवजी वर्गवारी समजत असे आणि प्रत्येक वर्गाला अनुक्रमांक देत असे. हा अनुक्रम मजकुराच्या क्रमाने लागतो. त्यामुळे ‘१२’ पहिला, ‘८’ दुसरा आणि ‘९’ तिसरा. पुढे आज्ञावलीने या रकान्याचे थेट आकड्यांत रूपांतर केले की ८, १२, ९ या संख्यांच्या जागी २, १, ३ हे अनुक्रमांक येतात. पातळी तिन्ही रात्री गाठली गेली, तरी संगणकाच्या हिशेबी ती एकदाही गाठली गेली नाही. आणि याची कोणतीही सूचना पडद्यावर उमटत नाही.

एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ‘आर’च्या ४.० आवृत्तीपासून ही पद्धत बदलली. त्याच ओळी, तीच फाइल नव्या आवृत्तीत चालवली, तर ८, १२, ९ असे योग्य आकडे मिळतात आणि ‘पाऊस’ या नोंदीविषयी इशाराही मिळतो. चूक मुळात आज्ञावली लिहिणाऱ्याची होती, हे मान्य करावेच लागेल. परंतु खरा प्रश्न त्यापुढचा आहे. जुन्या संगणकावर दिलेला ‘फवारणीची गरज नाही’ हा सल्ला चुकला. अळ्या बोंडात शिरल्या आणि एकदा अळी बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. हंगाम संपल्यावर शेतकऱ्याने विचारले, सल्ला का चुकला? शास्त्रज्ञाने आजच्या संगणकावर तीच आज्ञावली पुन्हा चालवली, तर उत्तर बरोबर येईल. दोष दिसणारच नाही. मग दोष सापळ्याला दिला जाईल, नोंद घेणाऱ्याला दिला जाईल किंवा शेतकऱ्याने सल्ला नीट पाळला नाही असे म्हटले जाईल. चूक जेथे घडली ती परिस्थितीच हाती नसल्यावर चुकीचा शोध लागणार कसा?

पाहुणा आणि यजमान

आभासी संगणक म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. एक विशेष प्रणाली खऱ्या संगणकाच्या स्मृतीचा, डिस्कचा आणि प्रक्रियकाचा काही भाग वेगळा काढून देते आणि त्या भागात एक स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम आपण स्वतंत्र यंत्रावरच आहोत अशा समजुतीने चालू लागते. बाहेरच्या संगणकाला ‘यजमान’ आणि आतल्या प्रणालीला ‘पाहुणा’ म्हणण्याची रीत आहे. कीटकशास्त्रात यजमान वनस्पती बदलली की किडीची वाढ, आयुष्यमान आणि अंड्यांची संख्या बदलते. येथे नेमके उलट अपेक्षित आहे. यजमान कोणताही असो, पाहुण्याच्या वागण्यात फरक पडू नये.

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीच्या मोठ्या संगणकांवर ती प्रथम रुजली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या प्रणालीच्या रूपाने बाजारात आली. तेव्हा हेतू होता एकच महागडे यंत्र अनेकांना स्वतंत्रपणे वापरता यावे हा. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ती सोय साध्या टेबलावरच्या संगणकापर्यंत आणली. आज व्हर्च्युअलबॉक्स, क्यूईएमयू यांसारखी मुक्त साधने ती विनामूल्य देतात.

व्यवहारात याचा अर्थ असा. लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम, ‘आर’ची ठरावीक आवृत्ती, तिला लागणारे सर्व जोडसंच, प्रारूपाची आज्ञावली, नमुना हवामान नोंदी आणि तारखेची भारतीय मांडणी हे सारे एका आभासी संगणकात बसवले जाते. त्यानंतर हा संपूर्ण संगणक एका फाइलमध्ये बांधता येतो. फाइलचा आकार काही जीबी असतो, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती सहज मावते. नागपुरात तयार झालेली फाइल लुधियाना किंवा कोइमतूर येथील संगणकावर उघडली, तर तेथे तीच आवृत्ती, तीच मांडणी आणि तेच उत्तर मिळते. बदल करून पाहण्यापूर्वी त्या क्षणीची स्थिती नोंदवून ठेवण्याची सोयही त्यात असते. प्रयोग फसला की एका आज्ञेत मूळ स्थितीवर परतता येते.

प्रयोगशाळेत किडींचे संगोपन करताना तापमान, आर्द्रता आणि प्रकाशकाळ ठरवून दिलेल्या कक्षातच निरीक्षणे घेतली जातात आणि निबंधात ती परिस्थिती नोंदवल्याशिवाय निष्कर्ष स्वीकारले जात नाहीत. गणनेसाठीही असा नियंत्रित कक्ष असावा, एवढीच ही अपेक्षा आहे.

जुने जपावे ते तुलनेसाठी

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. जुन्या प्रणाल्यांना कवटाळून बसण्यापेक्षा आज्ञावल्या नव्या आवृत्तीत लिहून काढाव्यात, हे अधिक योग्य नाही काय? लिहून काढाव्यातच. परंतु नवी आज्ञावली जुनीसारखेच काम करते, हे ठरवायचे कशावरून? वाणांच्या चाचणीत नव्या वाणाशेजारी तुलनेसाठी प्रचलित वाण पेरला जातो. तो नसेल तर नव्या वाणाचे उत्पादन चांगले आले की हंगामच चांगला होता, हे सांगता येत नाही. प्रारूपांचेही तसेच आहे. जुने प्रारूप त्याच्या मूळ परिस्थितीत चालू स्थितीत असेल, तरच दोन्हींना एकच नोंदी देऊन उत्तरे ताडून पाहता येतील. फरक आला तर तो सुधारणेमुळे आला की नव्या चुकीमुळे, हे तपासता येईल.

ही गरज काल्पनिक नाही. पायथॉन भाषेच्या दुसऱ्या पिढीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि तिच्यात लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्या तिसऱ्या पिढीत जशाच्या तशा चालत नाहीत. दोन पूर्णांकांच्या भागाकाराचे उत्तर काढण्याची रीतसुद्धा या दोन पिढ्यांत निराळी आहे. जुन्या पिढीत सातला दोनने भागले की तीन येतात, नव्या पिढीत साडेतीन. प्रति झाड अळ्यांची सरासरी काढताना हा फरक लहान म्हणता येणार नाही. ‘आर’च्या एप्रिल २०१९ मधील ३.६ आवृत्तीत यादृच्छिक निवडीची पद्धत सुधारण्यात आली. त्यामुळे तोच आरंभांक देऊनही जुन्या आणि नव्या आवृत्तीत प्रयोगाच्या वाफ्यांची मांडणी वेगळी येऊ शकते. बदल योग्यच होते. पण ज्या दप्तरात आवृत्तीची नोंद नाही, तेथे जुनी मांडणी पुन्हा मिळवणे अवघड झाले.

आभासी संगणकाचा दुसरा उपयोग प्रशिक्षणाचा. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि त्यांच्याकडील संगणक एकाच वयाचे, एकाच प्रणालीचे असण्याची शक्यता नाही. प्रशिक्षणाला आलेल्या वीस जणांच्या लॅपटॉपवर आधी प्रणाली बसवायची, मग जोडसंच उतरवायचे, मग एकाचे चालते आणि दुसऱ्याचे का चालत नाही हे शोधायचे, यात पहिला दिवस संपतो. तयार आभासी संगणक पेनड्राइव्हवरून दिला, तर पहिल्या तासापासून किडींविषयी बोलता येते. इंटरनेटची गती कमी असलेल्या केंद्रांना याचा लाभ विशेष आहे.

मर्यादा झाकू नयेत

कोणतीही शिफारस मर्यादांसह मांडली तरच ती टिकते. आभासी संगणकाला स्मृती लागते. चार जीबी स्मृतीच्या जुन्या लॅपटॉपवर यजमान आणि पाहुणा दोघेही रखडतात. आठ जीबी असल्यास साधी प्रारूपे व्यवस्थित चालतात. जेथे तेवढीही सोय नाही, तेथे डॉकरसारख्या प्रणालींमध्ये बांधलेले हलके संच उपयोगी पडू शकतात. ते संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम सोबत नेत नाहीत. त्यामुळे त्यांचा भार कमी असतो, पण बाहेरच्या संगणकावरचे अवलंबित्वही थोडे अधिक राहते.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची. विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सर्वसाधारण सुरक्षा सुधारणा मिळणे थांबले. एखादे जुने प्रारूप केवळ त्याच प्रणालीवर चालत असेल, तर त्याचा आभासी संगणक इंटरनेटशी जोडूच नये. शिवाय आभासी असला तरी विंडोजला परवाना लागतो. म्हणून नवे काम शक्यतो मुक्त प्रणालींवर करावे, म्हणजे फाइल वाटताना कायद्याची अडचण उभी राहणार नाही.

तिसरी मर्यादा यंत्राच्या जातीची. बहुसंख्य संगणकांत इंटेल किंवा एएमडीच्या धर्तीचे प्रक्रियक असतात, परंतु मोबाइलच्या धर्तीचे, एआरएम रचनेचे प्रक्रियक असलेले लॅपटॉपही आता वापरात येत आहेत. एका रचनेसाठी बांधलेला आभासी संगणक दुसऱ्या रचनेवर थेट चालत नाही. अनुकरणाच्या मार्गाने चालवावा लागतो आणि तो बराच मंद होतो. म्हणूनच केवळ बांधलेली फाइल जपणे पुरेसे नाही. ती कशी बांधली याची कृतीही मजकुराच्या रूपात जपली पाहिजे. व्हेग्रंटसारख्या साधनात ही कृती काही ओळींत लिहिता येते आणि तिच्यावरून तसाच संगणक पुन्हा उभा करता येतो. तयार लोणच्याची बरणी आणि लोणच्याची कृती, दोन्ही घरात असाव्यात. बरणी फुटली तर कृती कामी येते आणि कृतीतला एखादा मसाला बाजारातून नाहीसा झाला तर बरणी.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की आभासी संगणक चुकीचे प्रारूप बरोबर करीत नाही. विदर्भातील कपाशीवर तपासलेले प्रारूप गुजरातेत लागू पडेल की नाही, हे शेतातील निरीक्षणांनीच ठरेल. आभासी संगणक एवढेच सांगतो की गणित तेच आहे. आणि हे ‘एवढेच’ आज अनेकदा सांगता येत नाही.

कीड सर्वेक्षण आता संकेतस्थळांवरून आणि मोबाइलवरूनच चालते, मग प्रत्येकाच्या संगणकाची चिंता कशाला, असेही विचारले जाते. २००८ मध्ये सोयाबीनवरील अळ्यांच्या उद्रेकानंतर महाराष्ट्रात २००९-१० पासून पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, सुरू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये देशपातळीवर राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचा आरंभ झाला. अशा व्यवस्थांमुळे माहिती वेगाने फिरते, याबद्दल दुमत नाही. परंतु संकेतस्थळामागेही कोठेतरी एक संगणकच असतो. तोही बदलतो, त्याचीही प्रणाली अद्ययावत होते. सल्ला ज्या दिवशी दिला त्या दिवशी मागे कोणती आवृत्ती चालू होती, हे जपले नाही, तर वर्षभराने तो सल्ला तपासता येणार नाही. केंद्रीय व्यवस्थेत एक चूक एकाच वेळी हजारो शेतांवर पोहोचते. म्हणून तेथे ही काळजी अधिक हवी.

काय करता येईल

पहिली पायरी नियमाची. एखादे प्रारूप शिफारशीसाठी मांडले जाईल तेव्हा त्यासोबत पाच गोष्टी जमा व्हाव्यात: आज्ञावली, तिची आवृत्ती, चालू स्थितीतील आभासी संगणक, तो बांधण्याची लिखित कृती, आणि नमुना नोंदी व त्यांचे अपेक्षित उत्तर. पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी आहे. या नोंदी दिल्यावर हे उत्तर आले नाही, तर काहीतरी बिघडले आहे, हे संगणक न जाणणाऱ्यालाही कळते. नमुना नोंदींत ‘पाऊस’ असा एखादा शेरा मुद्दाम ठेवावा, म्हणजे वर सांगितलेला दोष पहिल्याच चाचणीत उघडा पडेल.

दुसरी पायरी साठवणुकीची. बियाण्यांसाठी, सूक्ष्मजीवांसाठी आणि कीटकांसाठी राष्ट्रीय संग्रह आहेत. संशोधनाच्या आकडेवारीसाठी ‘कृषी’ हे राष्ट्रीय संकलनही उभे राहिले आहे. अशा संकलनात प्रारूपांचे आभासी संगणक ठेवण्याची सोय झाली, तर फार मोठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. दर वर्षी हंगामापूर्वी ते एकदा उघडून नमुना उत्तर जुळते का, हे पाहावे. बीजपेढीतही उगवणशक्ती वेळोवेळी तपासली जातेच.

तिसरी पायरी क्षेत्रावरची. कृषी सहायकांनी आणि केंद्रांतील विषयतज्ज्ञांनी नोंदी घेताना तारीख ‘५ ऑगस्ट’ अशी महिन्याच्या नावासह लिहावी आणि शेरे वेगळ्या रकान्यात ठेवावेत. याला कोणतेही यंत्र लागत नाही. प्रगतिशील शेतकऱ्यांनी सल्ला मिळाल्यावर दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: हा अंदाज कोणत्या प्रारूपाच्या कोणत्या आवृत्तीतून आला, आणि पुढच्या वर्षी हेच गणित पुन्हा करून दाखवता येईल काय? बियाणे घेताना पिशवीवरचा लॉट क्रमांक पाहिला जातो आणि पावती जपली जाते, ती तक्रारीची वेळ आली तर पुरावा असावा म्हणूनच. सल्ल्यालाही तसा क्रमांक मागण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे.

सल्ला अधूनमधून चुकणारच. हवामान, कीड आणि पीक यांच्या गुंत्यात अचूक अंदाजाची हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु चुकलेला सल्ला उघडून पाहता आला, तर पुढील हंगामात तीच चूक टळते. ज्याची बोंडे किडली त्या शेतकऱ्याला ‘तेव्हाचा संगणक आता नाही’ हे उत्तर देण्याची वेळ कोणत्याही संस्थेवर येऊ नये.